कायाओच्या तटाबाहेर

मेल्चोर सालदीवार आणि मी जकातीच्या गोदामात बरीच वर्षं एकत्र पोती वाहिली. गोदाम म्हणजे लिमा शहराच्या बंदरावरचा, आमचा कायाओचा किल्लाच, रेआल फेलिपे. लढाया संपल्यावर एवढ्या मोठ्या दगडाच्या ढिगाऱ्याचं करायचं काय, हे नव्या सरकारला सुचेना, म्हणून त्यांनी आत गव्हाची पोती, दारूची पिंपं आणि इंग्रजी कापडाचे गठ्ठे रचले. हिवाळ्यात बंदरावर धुकं बसलं की जहाजं धक्क्याला लागत नाहीत, हमालांना काम नसतं. तेव्हा मेल्चोर तटाला पाठ लावून बसायचा आणि थोडं थोडं सांगायचा. बाकीचं मी इतरांकडून ऐकलं. किल्ल्याला वेढा पडला तेव्हा मी स्वतः स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेल्या देशभक्तांच्या गलबतावर खलाशी होतो, म्हणजे त्याला उपाशी मारणाऱ्यांपैकी एक. त्यावरून त्याने मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

किल्ला बांधला तो चाच्यांना अडवायला. समुद्राने जुनं कायाओ माणसांसकट गिळलं, त्यानंतर स्पेनच्या राजाचा हुकूम आला की बंदरावर असा कोट उभा करा की कुणाची नजर वर करायची छाती होऊ नये. डोंगरातून धरून आणलेल्या माणसांनी दगड वाहिले, आफ्रिकेतून विकत आणलेल्यांनी चुना मळला. पाच कोनांचा तट झाला, एक बुरूज राजाच्या नावाचा, दुसरा राणीच्या. एवढं करून चाचे काही आले नाहीत. शेवटी तटासमोर तोफा लावून उभे राहिले ते आमचेच लोक, आणि तटाच्या आत उपाशी मेले तेही आमचेच.

मेल्चोरचं तेव्हा लिमात चॉकलेटचं दुकान होतं. मेर्कादेरेस गल्लीत होतं ते, आणि बिशपच्या घरी आणि व्हाइसरॉयच्या वाड्यात त्याचाच माल जायचा. दारावरच्या पाटीवर राजाचा मुकुट रंगवलेला. देशभक्त लिमात शिरले तेव्हा शेजाऱ्यांनी आपापल्या पाट्या रातोरात बदलल्या. मेल्चोरने बदलली नाही. मग डोंगरातून बातमी आली की आयाकुचोला राजाची फौज पार मोडली, व्हाइसरॉय पकडला गेला, सगळं संपलं. फक्त कायाओचा किल्लेदार शरण यायला तयार नव्हता. स्पेनहून आरमार निघालंय, ते येईपर्यंत किल्ला लढवायचा, असं तो म्हणाला.

"आपण किल्ल्यात जायचं," मेल्चोरने घरी सांगितलं.

त्याची बायको हासिन्ता तेव्हा चॉकलेटसाठी काकाओच्या बिया भाजत होती. तिने कढईतला हात थांबवला नाही. "राजाला तुमचं नाव तरी माहीत आहे का हो?"

"त्याला माहीत असायची गरज नाही."

"मग जा तुम्ही. त्याचं आरमार आलं की पाजा सगळ्यांना चॉकलेट. मी आणि रुफिना इथे बऱ्या आहोत."

पण त्याच आठवड्यात दुकानाच्या खिडक्यांवर दगड आले. एक दगड रुफिनाच्या खाटेवर पडला. पोरगी आठ-नऊ वर्षांची होती, आणि त्या वेळी खाटेवर नव्हती, एवढंच नशीब. हासिन्ताने गाठोडी बांधली. खेचरांवर काकाओची पोती, पाटा, दोन गाद्या आणि देव्हाऱ्यातली मूर्ती घालून ते कायाओला आले. त्यांच्यासारखे लिमातले हजारो लोक आले होते. मोठमोठ्या घरच्या बाया, पाद्री, वकील, त्यांच्या मोलकरणी. सगळ्यांना वाटत होतं की महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

सुरुवातीला मेल्चोरचा आत मोठा मान होता. किल्ल्यात चॉकलेट मिळणारी ती एकच जागा. अधिकारी यायचे, हासिन्ता पेले भरायची, रुफिना पुढ्यात नेऊन द्यायची. मग साखर संपली. मग काकाओ. मग गाईगुरं, घोडे, खेचरं. पुढे मांजर दिसेना, आणि उंदीर धरणाऱ्याला लोक आदराने हाक मारू लागले. समुद्राच्या बाजूने आमची गलबतं उभी होती आणि जमिनीच्या बाजूने बेयाविस्ता गावापासून खंदक खणलेले होते. कशातूनच काही आत जात नव्हतं.

मेल्चोरची नजर चांगली होती, म्हणून त्याला राजाच्या बुरुजावर टेहळणीला बसवलं. काम एकच. सान लोरेन्सो बेटाच्या पलीकडे शिडं दिसतात का ते बघायचं. तो पहाटे चढायचा, अंधार पडला की उतरायचा. त्याबद्दल त्याला सैनिकाचा शिधा मिळायचा, आणि तो तिघांत वाटला जायचा.

एका सकाळी त्याला शिडं दिसली. एक, मग दुसरं, मग बेटाच्या टोकाला तिसरं. तो ओरडतच खाली धावला. "आली! आरमार आलं!" घंटा वाजल्या. माणसं गुडघ्यांवर बसली. एका म्हाताऱ्या मार्किसने, म्हणजे राजाच्या उमरावाने, कमरेला जपून ठेवलेलं सुकं मांस काढून समोर दिसेल त्याला वाटून टाकलं. सगळे तटावर चढले. दुपारपर्यंत जहाजं जवळ आली, आणि त्यांनी आमच्या गलबतांशेजारी नांगर टाकले. चिलीहून आमच्या मदतीला आलेली जहाजं होती ती. मी डेकवर होतो, आम्ही टोप्या हवेत उडवल्या.

मेल्चोर खाली आला तेव्हा अंगणात कुणी त्याच्याकडे बघेना. त्या मार्किसने मात्र अडवलं. "सालदीवार, माझं मांस परत आण." दोन दिवसांनी म्हातारा गेला.

"तुम्ही खोटं थोडंच बोललात," हासिन्ता रात्री म्हणाली. "शिडं होतीच की."

तिच्या हिरड्या तेव्हापासूनच सुजायला लागल्या होत्या. हिरवं काही पोटात नाही, फळ नाही. आधी दात हलतात, मग पायांवर काळे डाग येतात, मग जुन्या जखमा आपोआप उघडतात. किल्ल्यात रोज इतकी माणसं मरायची की पाद्री एकदाच सगळ्यांसाठी मिळून प्रार्थना म्हणायचा. शरण जाण्याबद्दल बोलण्याची मात्र सोय नव्हती. बोलणाऱ्याला खंदकाकडे पाठ करून उभं करत आणि गोळी घालत.

मग किल्लेदाराने ठरवलं की बंदूक न उचलणारी तोंडं बाहेर काढायची. बाया, पोरं, म्हातारे. पहिल्या खेपेला बाहेर पडले त्यांना देशभक्तांनी घेतलं. तटावरून दिसलं, त्यांना खंदकापाशीच मका वाटला जात होता. दुसऱ्या खेपेलाही घेतलं. त्यामुळे तिसऱ्या खेपेच्या वेळी लोक आपलं नाव लागावं म्हणून धडपडू लागले.

दरवाजावर कप्तान ओलावारिया होता. तो मेल्चोरकडे चॉकलेट प्यायला यायचा, ओळखीचा होता. त्याने बाजूला बोलावून सांगितलं, "तुम्ही बुरुजावर आहात, डॉन मेल्चोर. तुमच्या बायको-पोरीला मी आत ठेवू शकतो. बोला."

"आत ठेवून देणार काय?"

"अर्धा शिधा. जमलं तर."

"आणि बाहेर मका आहे."

"बाहेर मका आहे," कप्तान म्हणाला.

मेल्चोरने घरी, म्हणजे चॅपलच्या भिंतीशी जी जागा होती तिथे, येऊन सांगितलं. हासिन्ताने तोंडावरचं फडकं काढलं. बोलताना हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून ती फडकं धरायची. "एवढ्या महिन्यांत पहिली शहाणी गोष्ट बोललात. तुम्ही पण चला."

"मला सोडणार नाहीत. पळालो तर गोळी."

"बायकोचा झगा घाला. तसेही तुम्ही आता माझ्यापेक्षा बारीक झालात."

तो हसला. रुफिनाही हसली. त्याला तो दिवस आठवायचा तो या हसण्यामुळे. त्याने पोरीचे केस पाण्याने चापून बसवले आणि तिच्या पायांना चिंध्या गुंडाळल्या, कारण बूट केव्हाच उकडून खाल्ले होते. दरवाजापर्यंत पोचवलं. "आरमार आलं की मी न्यायला येईन," तो म्हणाला.

"न्यायला या, आरमार येवो न येवो," हासिन्ता म्हणाली.

तो बुरुजावर चढला. त्या दिवशी त्याने समुद्राकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. बायका-पोरांची लांब रांग सुकलेल्या लसूणघासाच्या रानातून बेयाविस्ताच्या खंदकांकडे चालली होती. हासिन्ताचा निळा रुमाल त्याला ओळखू येत होता. रांग खंदकापाशी पोचली आणि थांबली. मग धूर दिसला, आणि मागून बंदुकांचा आवाज आला.

आमच्याकडे त्याच सकाळी नवा हुकूम निघाला होता. जेवढ्या तोंडांना आपण खाऊ घालतो तेवढे दिवस किल्ला जास्त टिकतो, म्हणून यापुढे कुणालाही घ्यायचं नाही. गोळ्या आधी डोक्यांवरून झाडल्या. मग पायांपाशी. रांग फुटली आणि किल्ल्याकडे परत पळत आली. तोपर्यंत दरवाजा बंद झाला होता.

मेल्चोर ओलावारियाच्या पाया पडला. "कप्तान, दोघीच आहेत. दोघींसाठी फट करा."

"दोघींसाठी फट केली की सगळे शिरतील. मला हुकूम आहे."

"तुम्ही म्हणाला होता, मी आत ठेवू शकतो."

"तेव्हा ठेवू शकत होतो." कप्तानाने मान दुसरीकडे वळवली. "उठा, डॉन मेल्चोर. माझीही आई आहे त्या घोळक्यात."

ते खरं होतं, असं मेल्चोर सांगायचा. कप्तानाची आई दुसऱ्याच दिवशी मेली, दरवाजापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याने दरवाजा उघडला नाही.

ती माणसं दोन तोफखान्यांच्या मधल्या रानात बसून राहिली. लसूणघासाची मुळं उकरून खाल्ली. तटाखालच्या खंदकात साचलेलं खारट पाणी प्यायली. मेल्चोर आपली भाकरी दोरीला बांधून तटावरून खाली सोडायचा. पहिल्यांदा हासिन्ताच्या हाताला लागायच्या आत दहा हातांनी ती ओढली, आणि एक म्हातारी त्यात चेंगरली. दुसऱ्यांदा सोडली तेव्हा पहारेकऱ्याने दोरी कापली. किल्ल्यातलं अन्न बाहेर टाकणं हा गुन्हा होता. त्याला फटके बसले, पण बुरुजावरून काढलं नाही. दुसरा डोळस माणूस शिल्लक नव्हता.

मग फक्त बोलणं उरलं. हासिन्ता तटाखालच्या खंदकाच्या काठाशी यायची आणि तो वरून ओरडायचा.

"पोरगी कशी आहे?"

"झोपलीय!"

"तुझे पाय?"

"आहेत जागेवर!" आणि थोडा वेळ थांबून, "अहो, जहाज दिसलं का?"

"दिसलं!" तो ओरडला. "बेटामागे आहे. वारा पडलाय म्हणून थांबलंय."

तिने वर पाहिलं. इतक्या लांबून चेहरा नीट दिसत नव्हता. "डॉन मेल्चोर," ती ओरडली, दुकानात गिऱ्हाइकांसमोर हाक मारायची तशी, "तुम्ही चॉकलेटच विका! दुसरं काही तुम्हाला जमायचं नाही!"

आजूबाजूच्या बाया हसल्या, असं तो म्हणायचा. तशा स्थितीत त्या हसल्या.

त्यानंतर ती काठाशी आली नाही. निळा रुमाल रानात एका जागी दिसायचा, आणि त्याशेजारी पोरगी बसलेली. तो हाका मारायचा, पोरगी फक्त वर बघायची. मग एका सकाळी दाट धुकं उतरलं. वरून त्याला रान पुसट पुसट दिसत होतं. रुफिना उठली. तिने आईच्या डोक्यावरचा रुमाल सोडला, स्वतःच्या खांद्यांवर घेतला आणि बेयाविस्ताच्या दिशेने चालू लागली. एकटीच.

हाक मारली तर ती परत येईल, हे मेल्चोरला कळत होतं. परत आली तर आईशेजारी बसून मरेल, हेही कळत होतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. निळा ठिपका धुक्यात गेला. थोड्या वेळाने तिकडून एक गोळी झाडल्याचा आवाज आला. एकच.

तो खाली उतरला तेव्हा कप्तानाने विचारलं, "समुद्रावर काही?"

"काही नाही," मेल्चोर म्हणाला.

पुढचे चार महिने तो रोज बुरुजावर चढला. मी एकदा त्याला विचारलं, अरे, तेव्हा तरी राजाचा राग नाही आला? तो म्हणाला, "राग यायला पोटात काहीतरी लागतं." तो बघत राहिला, कारण बघायला सांगितलं होतं. लिमाहून आलेले बहुतेक सगळे त्या चार महिन्यांत गेले. अखेर जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, किल्लेदाराने अटी मान्य केल्या. तो ताठ मानेने बाहेर आला. त्याला सलामी मिळाली, एका इंग्रज जहाजावरून तो स्पेनला गेला आणि तिथे त्याला मानमरातब मिळाला. मागून चारशे सांगाडे चालत आले. त्यात मेल्चोर होता. मी त्या दिवशी धक्क्यावर उभा होतो. आम्ही जयजयकार करायचं ठरवलं होतं, पण ती माणसं बघून आम्ही टोप्या काढून हातात धरल्या.

मेल्चोर लिमाला गेला नाही. तो रानात गेला. तिथे सगळी हाडं एकत्र झाली होती, कुणाचं काय ते कळणं शक्य नव्हतं. तरी त्याने दोन दिवस शोधलं. मग बेयाविस्ताच्या छावणीत शिरून तो भेटेल त्याला विचारू लागला की धुक्याच्या सकाळी एका लहान मुलीवर गोळी कुणी झाडली. सैनिक त्याला हाकलायचे. शेवटी एक स्वयंपाकीण म्हणाली, "गोळी हवेत झाडली होती रे बाबा. पोरगी साबिनाकडे आहे."

साबिना हाउहाची, डोंगरातली बाई. सैनिकाची बायको, पलटणीमागून चालणारी, चूल डोक्यावर घेऊन. त्या सकाळी ती खंदकाबाहेर घास कापत होती. धुक्यातून पोरगी समोर आली तेव्हा तिने तिला आपल्या घोळदार झग्यांखाली घेतलं आणि पहारेकऱ्यांसमोरून तशीच चालत आणली.

मेल्चोर तिच्या पालापाशी पोचला तेव्हा रुफिना बटाटे सोलत होती. गालांवर मांस आलं होतं. केसांच्या दोन वेण्या, डोंगरातल्या बायका घालतात तशा. त्याने नावाने हाक मारली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि साबिनाकडे वळून काहीतरी विचारलं, डोंगरी भाषेत. त्यातला "ममाय", म्हणजे आई, एवढाच शब्द त्याला कळला.

"रुफिना, मी आहे. पापा."

"मला बाप नाही," रुफिना म्हणाली.

साबिना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "तिच्या आईने शिकवलंय तिला. विचारलं तर सांग, बाप नाही. बाप किल्ल्यात आहे म्हटलं असतं तर इकडच्यांनी घेतलं नसतं."

"ते तेव्हा," मेल्चोर म्हणाला. "आता किल्ला नाही. आता सांगितलं तरी चालेल, बाळ."

रुफिनाने सुरी खाली ठेवली. "तू वरून बघत होतास," ती म्हणाली. "मी आईला रोज सांगायचे, बघ, पापा बघतोय." एवढं बोलून ती परत बटाटे सोलू लागली.

त्याने तिला नेलं नाही. नेणार कुठे? लिमातल्या दुकानात एका कर्नलचा भाऊ राहत होता आणि राजाच्या माणसाला सगळं शहर दार लावत होतं. त्याच्या तोंडात सहा दात उरले होते. तो स्वतः धक्क्यावर झोपत होता. साबिनाने त्याला वाटीभर रस्सा दिला. त्याने तो तिथेच बसून प्यायला. मग रोज संध्याकाळी जाऊ लागला. रुफिना त्याच्याशी भांडली नाही, बोललीही नाही. एकदा त्याने कुठूनतरी मूठभर काकाओ मिळवून दगडावर वाटला आणि तिच्यासाठी पेला केला. तिने एक घोट घेतला आणि बाकीचा साबिनाला दिला.

उन्हाळा सरल्यावर पलटणीला डोंगरात जायचा हुकूम झाला. साबिना त्याच्याकडे आली. "तू म्हणशील तर तुझ्याकडे ठेवून जाते तिला. तुझीच पोर आहे."

मेल्चोर मला हे पुन्हा पुन्हा सांगायचा. "मी रुफिनालाच विचारलं," तो म्हणायचा. "तिने साबिनाच्या झग्याची कड धरली होती. मी म्हटलं, ने."

तो रिमाक नदीच्या पहिल्या पुलापर्यंत त्यांच्याबरोबर चालला. पुढे चढ होता, त्याच्या पायांना जमेना. बायकांची रांग धूळ उडवत वर गेली. त्या रांगेत रुफिना कुठली ते त्याला ओळखता आलं नाही. सगळ्यांच्या डोक्यांवर ओझी होती.

पुढे किल्ल्याचं गोदाम झालं आणि आम्ही दोघे तिथे कामाला लागलो. हाउहाहून लोकरीचे गठ्ठे घेऊन खेचरवाले उतरायचे. मेल्चोर प्रत्येकाला विचारायचा, साबिना नावाची बाई, बरोबर एक मुलगी. खेचरवाले हसायचे. "साबिना? अर्ध्या डोंगराचं नाव साबिना आहे, म्हाताऱ्या." एकाने एकदा सांगितलं की ती पलटण दक्षिणेला गेली, बोलिव्हियाच्या सीमेवर, आणि बर्फाच्या खिंडीत बऱ्याच बाया आणि पोरं गारठून गेली. कुणाची नावं त्याला माहीत नव्हती. मेल्चोरने ऐकून घेतलं, गठ्ठा खांद्यावर घेतला आणि आत गेला. त्यानंतर तो खेचरवाल्यांना विचारीनासा झाला.

तो एका हिवाळ्यात खोकल्याने गेला. मी आणि आणखी दोन हमालांनी त्याला बेयाविस्ताच्या कबरस्तानात नेलं. पाद्रीने घरच्या कुणाचं नाव विचारलं, प्रार्थनेत घालायला. मी म्हटलं, बायको हासिन्ता, मुलगी रुफिना. पाद्री म्हणाला, मुलगी जिवंतांत धरू की मेलेल्यांत? मी म्हटलं, ते आम्हाला माहीत नाही. तो ते नाव वगळून पुढचं म्हणू लागला.